नैराश्याचा उपचार: हिंगोली जिल्ह्यात खर्च किती येतो, पैसे कुठे घालावेत

माझ्या मामांकडे सोयाबीन बियाण्याची एक रिकामी पिशवी आहे. दवाखान्याचे सगळे कागद त्यांनी तिच्यात जपून ठेवलेत. मागच्या दिवाळीत सेनगाव तालुक्यातल्या त्यांच्या घरी, ओसरीवर बसून मी ते कागद तारखेप्रमाणे लावले. आधी ॲसिडिटीच्या गोळ्या. मग छातीत धडधडतं म्हणून दोनदा ईसीजी. मग पोटाची सोनोग्राफी, अंगात त्राण नाही म्हणून चार वेळा सलाईन, मान दुखते म्हणून एक्स-रे. पाच महिन्यांत चार दवाखाने झाले होते आणि पावत्यांची बेरीज साडेअकरा हजारांवर गेली होती. गाडीभाडं आणि बुडालेले दिवस वेगळेच. एवढ्या कागदांत झोपेविषयी एक ओळ नव्हती. पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही, अन्न गोड लागत नाही, हळदीच्या वावरात पाय ठेवावासा वाटत नाही, हे मामांनी कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी त्यांना विचारलंही नव्हतं.

सहाव्या महिन्यात गावातल्या आशाताईंनी विचारलं. पुढचे नऊ महिने गोळ्या सरकारी दवाखान्यातून मिळाल्या, आणि त्या नऊ महिन्यांचा सगळा खर्च, एसटीची तिकिटं आणि स्टँडवरचा चहा धरून, आधीच्या पाच महिन्यांच्या चौथ्या हिश्शाइतकाही झाला नाही. नैराश्यावरचा उपचार महाग नाही. महाग पडतं ते त्याच्यापर्यंत पोचणं. पुढचा सगळा हिशेब मी त्याच नजरेनं मांडतो आहे.

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. मानसिक आजाराच्या माणसामागं घरातून महिन्याला साधारण १००० ते १५०० रुपये जातात, आणि ते मुख्यतः उपचार आणि प्रवास यांवर, असं त्यात आढळलं. त्याच पाहणीनुसार नैराश्य असलेल्या १०० माणसांपैकी ८५ जणांपर्यंत उपचार पोचतच नव्हते. हिंगोलीतलं घर नीट आखणी करून चाललं, तर महिन्याचा आकडा याहून बराच खाली आणता येतो.

हे नैराश्यच आहे का?

‘मला नैराश्य आलंय’ असं आपल्याकडे कुणी म्हणत नाही. माणूस म्हणतो, जिवाला करमंना, कशात मन लागंना, हातपाय गळाल्यागत झालेत. बायका बहुधा अंगदुखीचं नाव सांगतात, पुरुष ॲसिडिटीचं किंवा ‘टेन्शन’चं. डॉक्टरपर्यंत अंगाची तक्रार पोचते, म्हणून औषधही अंगालाच मिळतं.

दुःख आणि नैराश्य यांत फरक करायला एक साधी मोजपट्टी आहे. उदासपणा किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक गोष्ट, सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ. तिच्या जोडीला झोप बिघडणं, भूक जाणं किंवा वाढणं, थकवा, स्वतःला दोष देत राहणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा उगाच येरझाऱ्या घालणं, मरणाचे विचार. अशा एकूण पाच-सहा गोष्टी जमल्या आणि रोजची कामं अडायला लागली, की डॉक्टरला दाखवायची वेळ झाली.

‘पीएचक्यू-९’ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी जगभर वापरतात. ती मराठीत आहे आणि फुकट आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा वर गेली तर तज्ज्ञाला भेटावं. तिचेच पहिले दोन प्रश्न आशाताईंच्या तपासणी फॉर्मवर आहेत. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा तो फॉर्म भरायचा असतो. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही असे किती दिवस गेले, आणि मन खचल्यासारखं वाटलं असे किती. आशाताई घरी आल्या की रक्तदाबाच्या प्रश्नानंतर उठून जाऊ नका, हे दोन प्रश्नही विचारून घ्या. सासूसमोर किंवा मुलासमोर उत्तर द्यायचं नसेल तर तसं त्यांना सांगा, त्या अंगणात येऊन बोलतील.

आपला जिल्हा राज्य सरकारच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात आहे. मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांतल्या शेतकरी कुटुंबांसाठी तो २०१५ च्या सुमारास सुरू झाला. आशाताईंनी घरोघरी जाऊन खचलेला माणूस ओळखायचा आणि दवाखान्यापर्यंत पोचवायचा, हे त्याचं सूत्र. म्हणजे आशाताईंशी हे बोलणं म्हणजे त्यांच्यावर उपकाराचं ओझं टाकणं नव्हे. ते त्यांचं ठरलेलं काम आहे.

कारण कळलं की खर्च कुठे करायचा ते कळतं

‘कर्जामुळं झालं’, ‘सुनेमुळं झालं’, ‘पोरगी सासरी गेली अन् झालं’. घरातले लोक एकच कारण धरून बसतात. नैराश्य सहसा एका कारणानं येत नाही. काही माणसांत ते घराण्यात असतं, आजोबा ‘घुम्या’ होते, आत्या वर्ष वर्ष अंथरुणावर होती. त्यावर एखादा आघात होतो, सोयाबीनचा भाव पडतो, जवळचं माणूस जातं. त्यात शरीराची काही कमतरता भर घालते, आणि दारू असेल तर ती प्रत्येक गोष्ट आणखी बिघडवते. मेंदूतली रसायनं, विचारांची सवय आणि बाहेरची परिस्थिती या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. म्हणून खर्चही तीन ठिकाणी थोडा थोडा करावा लागतो, एकाच ठिकाणी सगळा ओतून भागत नाही.

शरीरापासून सुरुवात करा, कारण ती तपासणी एकदाच करायची असते. थायरॉइड कमी पडलं की माणूस नैराश्यासारखाच दिसतो: जड, मंद, झोपाळू. रक्त कमी असलं की तेच. व्हिटॅमिन बी-१२ ची कमतरता शाकाहारी घरांत बरीच आढळते. आपल्याकडे माळकरी घरं पुष्कळ आहेत, आणि त्यातली बरीचशी डेअरीला दूध घालून स्वतः बिनदुधाचा चहा पितात. खासगी लॅबमध्ये थायरॉइडची टीएसएच चाचणी साधारण २०० ते ४०० रुपये, रक्ताची सीबीसी १५० ते ३००, बी-१२ मात्र ६०० ते १००० पर्यंत जाते. सरकारी दवाखान्यात घेतलेले नमुने ‘महालॅब’ योजनेतून तपासले जातात आणि त्याला पैसे पडत नाहीत. आधी तिथं विचारा, जे तिथं होत नसेल तेवढंच बाहेर करा. साध्या नैराश्यासाठी मेंदूचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय लागत नाही. डॉक्टरांना दुसरी काही शंका असेल तर ते कारण सांगून लिहून देतील. कारण विचारण्यात काही चूक नाही.

बाळंतपणानंतरची उदासी वेगळी सांगतो, कारण तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. पहिल्या आठवड्यातली रडारड बहुतेकींना होते आणि आपोआप जाते. दोन आठवड्यांनंतरही बाई बाळाकडे बघत नसेल, झोपत नसेल, ‘मी चांगली आई नाही’ म्हणत असेल, तर ते नखरे नाहीत. अंगावर पाजत असतानाही देता येतील अशी औषधं आहेत. ती डॉक्टरांनीच ठरवायची. माहेरच्यांनी आणि सासरच्यांनी यावर भांडण्यात आठवडा घालवू नये.

आता कर्ज. गोळीनं कर्ज फिटत नाही, आणि कर्ज फिटलं म्हणून आजार लगेच जात नाही. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत आणि दोन्हींवर एकाच वेळी चालावं लागतं. सावकार बेकायदा वसुली करत असेल, जमीन लिहून घेतली असेल, तर महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम २०१४ खाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. त्यासाठी वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळू शकतो. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि मानसिक आजार असलेल्यांनाही हा हक्क आहे. हेल्पलाइन १५१००. मी हे मुद्दाम इथं लिहितो आहे, कारण मामांच्या डोक्यातला निम्मा घोर एका कागदाचा होता आणि तो कागद दाखवायला त्यांनी दोन वर्षं लाज धरली.

रुपया न लागणारी पहिली पायरी

१४४१६. हा ‘टेली-मानस’चा नंबर. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ही सेवा सुरू केली. दिवसरात्र चालते, मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत. दुसरा नंबर १८००-८९१-४४१६. फोन लावल्यावर भाषा निवडायला सांगतात, मग समुपदेशक बोलतो, गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञाकडे जोडून देतो. राज्याच्या आरोग्य खात्याचा सल्ल्याचा जुना नंबर १०४ आहे.

या नंबराचा सगळ्यात मोठा फायदा पैशांत मोजता येत नाही असं वाटेल, पण तो मोजता येतो. हिंगोलीतली कितीतरी माणसं ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून गावातलाच काय, जिल्ह्यातलाही दवाखाना टाळतात आणि थेट नांदेड, अकोला किंवा संभाजीनगर गाठतात. दोन माणसांचं भाडं, जेवण, दिवसाची मजुरी, प्रत्येक फेरीला हजारभर रुपये मोडतात. तीन फेऱ्या झाल्या की माणूस कंटाळतो आणि गोळ्या सुटतात. लाजेपोटी होणारा हा खर्च औषधाच्या खर्चाच्या कितीतरी पट आहे. फोनवर पहिलं बोलणं झालं की निम्मी लाज तिथंच उतरते, आणि मग जवळच्या दवाखान्यात जायचं बळ येतं.

दवाखाना, एसटी आणि गोळ्या

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलासुद्धा पैसे नाहीत. तपासणी आणि तिथं असलेली औषधं मोफत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं या निर्णयात नव्हती, तिथं नाममात्र फी असते. हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झालं, त्यामुळे शहरातल्या सरकारी रुग्णालयात गेलात तर खिडकीवर फी विचारून घ्या. ती खासगी फीच्या जवळपासही नसेल.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याला मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक असं पथक असतं. हे पथक ठरलेल्या दिवशी तालुक्यांच्या रुग्णालयांतही जातं. कळमनुरी, वसमत, औंढा, सेनगाव, जिथं जवळ पडेल तिथं फोन करून किंवा आशाताईंकडून एकच गोष्ट विचारा: मानसिक आरोग्याची ओपीडी कोणत्या वारी असते? हा वार माहीत नसल्यामुळे पहिली खेप वाया जाते आणि बरेचजण दुसरी खेप करतच नाहीत. गावातल्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतील तर ‘ई-संजीवनी’वरून व्हिडिओवर डॉक्टर दाखवून देतात, तेही मोफत.

नांदेडला जायची वेळ आली तर हिंगोलीपासून ते साधारण ८५-९० किलोमीटर. साध्या एसटीचं एका बाजूचं तिकीट दीडशेच्या आसपास पडतं. महिलांना अर्धं तिकीट आहे, ६५ वर्षांवरच्यांना अर्धं, ७५ च्या पुढे फुकट. म्हणून सोबत कुणी जायचं हे ठरवताना घरातल्या बाईनं जावं, भाडं निम्मं लागतं आणि बहुतेक वेळा रुग्णाच्या झोपेजेवणाची खरी माहितीही तिलाच असते. हिंगोली डेक्कन स्थानकातून वसमत-पूर्णा मार्गे जाणारी गाडी वेळेत बसत असेल तर ती एसटीपेक्षा स्वस्त पडते. नांदेडच्या विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. आजार तीव्र असेल, दाखल करायची वेळ आली असेल तर वसमतकडच्या लोकांना ते सगळ्यात जवळचं मोठं ठिकाण. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, पण साध्या नैराश्यासाठी तिथवर जायचं कारण नाही.

खासगी मनोविकारतज्ज्ञाची पहिल्या भेटीची फी आपल्या भागात साधारण ३०० ते ७०० रुपये, पुढच्या भेटींना थोडी कमी. पाटीवर एमडी मनोविकार किंवा डीपीएम ही पदवी आहे का ते बघा. आत गेल्यावर तीन गोष्टी विचारा: औषध किती महिने चालेल, महिनाभराच्या गोळ्या एकदम मिळतील का, आणि मधली एखादी भेट फोनवर होईल का. पहिल्या दोन-तीन भेटी पंधरा-पंधरा दिवसांनी असतात, पुढं महिन्याला एक, मग दोन महिन्यांना एक. वर्षाचा अंदाज करायचा तर आठ ते दहा भेटी धरा.

औषधांचा हिशेब मात्र नीट समजून घ्या, कारण इथंच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. नैराश्यावर पहिल्यांदा दिली जाणारी औषधं, एस्सिटॅलोप्रॅम, फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, ही जुनी, ओळखीची आणि स्वस्त आहेत. त्यातली पहिली दोन देशाच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, त्यामुळे त्यांच्या किमतीवर सरकारची कमाल मर्यादा आहे. ब्रँडची एस्सिटॅलोप्रॅम १० मिलिग्रॅमची गोळी साधारण ८ ते १३ रुपयांना मिळते, म्हणजे महिन्याला अडीचशे ते चारशे. तेच औषध जनऔषधी केंद्रात महिन्याला शंभराच्या आत बसतं. डॉक्टरांना सांगा, औषधाचं मूळ नाव मोठ्या अक्षरांत लिहून द्या. पट्टीवर ब्रँडचं नाव वेगळं असलं तरी खाली बारीक अक्षरांत हेच नाव छापलेलं असतं. मामांच्या दोन पट्ट्या एकमेकींशेजारी ठेवून मी त्यांना बोटानं दाखवलं, तेव्हा त्यांनी चष्मा चढवून तीनदा वाचलं आणि मग पाकिटातली चिठ्ठी मामींच्या हातात दिली.

या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. पहिल्या आठ-दहा दिवसांत मळमळ, पोटात जळजळ, क्वचित बेचैनी वाढल्यासारखं वाटतं, आणि बरोबर याच टप्प्यावर माणूस ‘गोळी सोसत नाही’ म्हणून बंद करतो. झालेला सगळा खर्च त्या दिवशी पाण्यात जातो. बेचैनी फार वाढली किंवा मरणाचे विचार वाढले तर वाट न पाहता डॉक्टरला कळवा. बरं वाटायला लागल्यावरही पहिल्या खेपेला सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात, नाहीतर आजार उलटतो. बंद करताना डॉक्टर हळूहळू कमी करत नेतात. या गोळ्यांची सवय लागत नाही. सवय लागते ती झोपेच्या किंवा ‘टेन्शन’च्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची, ज्या काही दिवसांपुरत्या दिलेल्या असतात आणि लोक जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं घेत राहतात. पूर्वी कधी याच माणसाला उलटा झटका आला असेल, झोप न घेता अचाट बोलणं, उधळपट्टी, मोठमोठ्या बाता, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. तो आजार वेगळा आणि औषधही वेगळं.

म्हणजे महिन्याचा हिशेब असा बसतो. सगळं सरकारी केलं तर भाड्याचे शंभर-दीडशे, तेवढेच. खासगी डॉक्टर आणि जनऔषधीच्या गोळ्या केल्या तर सहाशे-सातशे. सगळं खासगी, ब्रँडच्या गोळ्या आणि नांदेडची फेरी धरली तर दीड ते दोन हजार. यांत औषधाच्या गुणात फरक पडतो असं मी मानत नाही. फरक पडतो तो डॉक्टर किती वेळ ऐकून घेतात त्यात, आणि तेवढ्यासाठी कुणी जास्त पैसे मोजत असेल तर ते वाया गेले असंही म्हणणार नाही.

विम्याचं थोडक्यात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ नुसार विमा कंपनीनं मानसिक आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायचं आहे. पण बहुतेक विमे आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेसारख्या सरकारी योजना दाखल झालेल्यांसाठी असतात. महिन्याच्या गोळ्या आणि ओपीडी त्यात येत नाहीत. त्या आशेवर थांबून राहू नका.

मनाशी बोलणं: वीस रुपयांची वही

आता ज्या भागावर सगळ्यात जास्त बोललं जातं आणि सगळ्यात चुकीचा खर्च होतो त्याकडे येतो. ‘पॉझिटिव्ह विचार करा.’ शिबिरं आहेत, व्हिडिओचे कोर्स आहेत, तीन-तीन हजारांच्या कार्यशाळा आहेत. आरशासमोर उभं राहून ‘मी आनंदी आहे, मी यशस्वी आहे’ म्हणायला लावतात. २००९ मध्ये कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात जोआन वुड यांनी अशी वाक्यं लोकांना म्हणायला लावून पाहिली. ज्यांचं स्वतःविषयीचं मत आधीच खालावलेलं होतं त्यांना ती म्हणून बरं वाटण्याऐवजी आणखी वाईट वाटलं. हे कुणाही खचलेल्या माणसाला पटेल. मन खोटं वाक्य लगेच पकडतं आणि उलट विचारतं, मग तू असा का पडलायस?

म्हणून स्वतःशी बोलायचं ते खरं आणि आपल्या मापाचं. ‘माझ्यानं आता काहीच होत न्हाई’ याला उत्तर ‘मी सगळं करू शकतो’ हे नव्हे. त्याला उत्तर आहे, ‘आज मोटार चालू केली, म्हशीला पाणी पाजलं. बाकीचं उद्या.’ ॲरन बेक आणि अल्बर्ट एलिस यांनी अमेरिकेत पन्नास-साठच्या दशकांत विचार तपासण्याच्या या पद्धतीचा पाया घातला. मराठीत ती कि. मो. फडके यांनी रुजवली, ठाण्याच्या आयपीएच संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी पुस्तकांतून आणि व्याख्यानांतून घरोघरी नेली. संस्थेचे ‘आवाहन’ वाहिनीवरचे मराठी व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहेत. तीन हजारांच्या शिबिराआधी ते पाहा.

वही घ्या, शंभर पानी. पानावर दोन रेघा मारून तीन रकाने करा. पहिल्यात काय झालं. दुसऱ्यात त्या वेळी मन काय म्हणालं. तिसऱ्यात हेच शेजारच्या माणसावर बेतलं असतं तर मी त्याला काय म्हणालो असतो. मामांच्या वहीत एक नोंद अशी आहे. झालं काय: भाच्याच्या साखरपुड्याला गेलो नाही. मन म्हणालं: मी आता कुणाच्या कामाचा उरलो न्हाई. तिसऱ्या रकान्यात त्यांनी आधी काहीच लिहिलं नाही, दोन दिवसांनी वेगळ्या शाईनं लिहिलं: ‘गड्या, तुला झोप नव्हती. बारशाला जाशील.’

स्वतःला ‘गड्या’ म्हणणं ही छोटी गोष्ट नाही. मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की ‘मी’ म्हणण्याऐवजी स्वतःला नावानं किंवा ‘तू’ म्हणून बोललं तर ताणाच्या वेळी माणूस स्वतःकडे थोडा लांबून, शांतपणे बघू शकतो. मराठी माणसाला हे नवं वाटायला नको. समर्थांनी मनाला हाक मारून दोनशेपाच श्लोक लिहिले. आपल्याकडे मन हा कायम समोर बसवून समजावण्याचा माणूसच राहिला आहे.

वहीच्या जोडीला कृती लागते, नाहीतर वही रडगाण्याची होते. गोव्यात ‘संगथ’ संस्थेनं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या स्थानिक लोकांकडून, तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटी दिल्या. भेटीत भर एका गोष्टीवर: रोज एक छोटं, ठरवलेलं काम. तीन महिन्यांनी या भेटी मिळालेल्यांपैकी १०० तले ६४ जण आजारातून बाहेर आले होते. नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत तो आकडा ३९ होता. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा असाच उपक्रम झाला, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तिथंही बोलणारी माणसं गावचीच होती. म्हणून सकाळी आंघोळ, मग बांधापर्यंत फेरी, मग एका माणसाशी पाच मिनिटं बोलणं, इतकंच ठरवा. मन लागेल मग करू, असं म्हणून थांबलात तर मन लागत नाही. आधी हात लावायचा, मन मागून येतं.

सौम्य नैराश्यात ही वही आणि ही फेरी कधी कधी पुरेशी होते. मध्यम आणि तीव्र नैराश्यात ती गोळ्यांच्या सोबत चालते, त्यांच्या जागी नाही. पैसे देऊन समुपदेशन घ्यायचं तर शहरांत एका तासाला ५०० ते १५०० रुपये पडतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा. नुसती ‘समुपदेशक’ ही पाटी कुणीही लावू शकतो.

देवऋषी, गंडेदोरे, उतारा, ‘बाहेरचं झालंय’ म्हणून कोंबड्या-बकऱ्या, याचा हिशेब घरोघरी माहीत आहे, फक्त कुणी लिहून ठेवत नाही. औंढ्याला नागनाथाला जा, नर्सीला नामदेवांच्या दर्शनाला जा, चालणं होतं, चार माणसं भेटतात, मनाला उभारी येते. गोळीचा डबा सोबत ठेवून जा. पण आजारी माणसाला कुणी चाबकानं मारणार, साखळीनं बांधणार, उपाशी ठेवणार असेल, तर तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. तिथून माणूस उचलून आणा.

मरणाची भाषा ऐकली तर

‘माझ्या माघारी तुमचं बरं होईल’, असं कुणी बोललं, अचानक व्यवहार मिटवायला लागलं, वस्तू वाटून टाकायला लागलं, तर सरळ विचारा: जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, विचारल्यानं ओझं कमी होतं. त्या माणसाला एकटं सोडू नका. फवारणीची औषधं घरातून त्याच दिवशी बाहेर काढा, दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. चावी त्या माणसाला माहीत नको. शेतकऱ्याच्या घरात हे एक काम जीव वाचवतं, आणि त्याला खर्च एका कुलपाचा आहे. १४४१६ ला फोन लावा. काही करून बसलं असेल तर १०८ ची रुग्णवाहिका मोफत येते, वाट न पाहता जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. पोलिसांच्या भीतीनं बरीच माणसं उशीर करतात. २०१७ च्या कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे.

पहिल्या दिवशी पिशवीत काय न्यावं

आधार कार्ड. आधीच्या दवाखान्यांचे कागद, तारखेप्रमाणे लावून. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, बीपी-शुगरच्या धरून. एका कागदावर गेल्या दोन आठवड्यांची झोप: किती वाजता लागली, किती वाजता मोडली. घराण्यात कुणाला असं झालं होतं का, ते आजीला विचारून लिहून घेतलेलं. दारू-तंबाखू किती, खरंखरं. वही सुरू केली असेल तर वही. भाकरी-भाजी बांधून, कारण नंबर दुपारपर्यंत लागतो आणि भुकेल्या माणसाला बोलायला जमत नाही.